मोझांबिकचा तह आणि त्यानंतर

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा मोझांबिक हा देश २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवीत सापडला. ही यादवी १९९२ पर्यंत चालली. युद्ध, दुष्काळ आणि रोगराई मिळून सुमारे दहा लाख माणसे मेली, सतरा लाख लोक शेजारच्या देशांत निर्वासित झाले आणि देशातल्या देशात चाळीस लाखांच्या आसपास लोकांना घरदार सोडावे लागले. त्या वर्षी तह झाला तेव्हा मोझांबिकची गणना जगातल्या सर्वांत गरीब देशांत होत होती. पुढच्या पंधरा वर्षांत त्याच देशाचे नाव आफ्रिकेतल्या वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये घेतले जाऊ लागले. ही वाढ खरी होती. मात्र ती कोणाच्या कष्टावर उभी राहिली आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला, या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत.

वास्को द गामा १४९८ मध्ये या किनाऱ्यावर पोहोचला. त्यानंतर अडीच शतके मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालला. तो गोव्यापासून वेगळा झाला १७५२ मध्ये. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीज राजाने दिलेल्या जमिनींच्या मोठ्या वतनांवर अनेक गोवेकर घराणी स्थिरावली होती. एकोणिसाव्या शतकात गोव्यात जन्मलेला मानुएल आंतोनियो द सोझा याने स्वतःची फौज बाळगून गोरोंगोझाच्या मुलखावर सत्ता गाजवली. पोर्तुगालकडे मात्र वसाहत चालवायला भांडवल नव्हते. त्याने १८९० च्या दशकात मध्य आणि उत्तरेचे मोठे प्रदेश सनदी कंपन्यांना देऊन टाकले. मोझांबिक कंपनीचा मानिका आणि सोफाला या प्रदेशांवरचा अधिकार १९४२ पर्यंत टिकला. दक्षिणेतून दरवर्षी हजारो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जात. त्यांच्या मजुरीचा एक भाग रोखून तो सोन्याच्या रूपात पोर्तुगीज सरकारला मिळेल अशी व्यवस्था पुढे झाली. उत्तरेत शेतकऱ्यांवर कापसाची लागवड सक्तीने लादली गेली. वेठबिगारीला तेथे ‘शिबालो’ म्हणत, आणि जुनी माणसे त्या आठवणी मुलांना सांगत. रेल्वेमार्ग आणि बंदरे शेजारच्या इंग्रजी वसाहतींचा माल वाहण्यासाठी बांधलेली होती, त्यामुळे देशाच्या उत्तरेला दक्षिणेशी जोडणारा एकही रेल्वेमार्ग नव्हता.

मुएदा या उत्तरेकडच्या गावी १६ जून १९६० रोजी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. दोन वर्षांनी दार-ए-सलाम येथे ‘फ्रेलिमो’ ही मुक्ती आघाडी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंडलाने अमेरिकेत शिकलेले समाजशास्त्रज्ञ होते. सशस्त्र लढा सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झाला, आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये टपालाने आलेल्या बॉम्बच्या स्फोटात मोंडलाने मारले गेले. नेतृत्व समोरा माशेल यांच्याकडे आले. लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ मध्ये लष्करी उठाव होऊन हुकूमशाही कोसळली, तेव्हा पोर्तुगालला वसाहती सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सप्टेंबरमध्ये लुसाका येथे करार झाला आणि निवडणूक न होताच सत्ता फ्रेलिमोकडे आली.

नव्या सरकारच्या हाती आलेला देश रिकामा होत होता. सुमारे दोन लाख पोर्तुगीज थोड्याच काळात निघून गेले. डॉक्टर, इंजिनिअर, इंजिन चालवणारे, दुकानदार, हिशेबनीस सारे गेले, आणि जाताना अनेकांनी यंत्रे मोडली. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते. पाचशे वर्षांच्या संबंधानंतर पोर्तुगालने मागे ठेवलेली ही शिल्लक होती; फ्रेलिमोच्या पुढच्या चुका मोजताना ती विसरून चालत नाही. सरकारने शाळा, दवाखाने आणि भाड्याची घरे राष्ट्रीय मालकीची केली. लसीकरण आणि साक्षरतेच्या मोहिमांनी पहिल्या काही वर्षांत खरोखर मोठे काम केले. पक्षाने १९७७ च्या अधिवेशनात मार्क्स-लेनिनवाद स्वीकारला आणि तेथून खेड्यांशी त्याचे नाते बिघडत गेले. विखुरलेल्या वस्त्यांतल्या शेतकऱ्यांना सामुदायिक गावांत आणून बसवले. परंपरेने चालत आलेल्या गावप्रमुखांचे अधिकार काढून घेतले. पूर्वजांची पूजा आणि पाऊस मागण्याचे विधी अंधश्रद्धा ठरवले गेले. गुंतवणूक सरकारी शेतमळ्यांत झाली. लहान शेतकऱ्याला मात्र धान्याच्या बदल्यात दुकानात कुदळ किंवा कापडही मिळेनासे झाले.

याच असंतोषावर रेनामो ही बंडखोर संघटना पोसली गेली, पण तिची स्थापना देशाबाहेर झाली. मोझांबिकने १९७६ मध्ये ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या राजवटीशी असलेली सीमा बंद केली आणि झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसैनिकांना आसरा दिला. या निर्णयाने बंदरांचे आणि रेल्वेचे मोठे उत्पन्न बुडाले. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने फ्रेलिमोतून फुटलेल्यांना हाताशी धरून रेनामो उभी केली. तिचा पहिला नेता आंद्रे मात्सांगाइसा १९७९ मध्ये मारला गेला आणि अफोन्सो ध्लाकामा पुढे आला. झिंबाब्वे १९८० मध्ये स्वतंत्र झाल्यावर रेनामोची सूत्रे दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडे गेली. दक्षिण आफ्रिकेने दुसरीकडून खाणीत घेतल्या जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांची संख्या लाखाच्या वरून दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आणली होती. परकीय चलनाचा तो मोठा आधारही गेला.

रेनामोचे युद्ध प्रामुख्याने शाळा, आरोग्य केंद्रे, पूल, रेल्वे आणि बस यांच्याविरुद्ध होते. मुले पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या जात. होमोइन या गावात १८ जुलै १९८७ रोजी चारशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत इस्पितळातले रुग्णही होते. निर्वासितांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी १९८८ मध्ये तयार झालेल्या अहवालात सुमारे एक लाख नागरिकांच्या मृत्यूची जबाबदारी रेनामोवर टाकली गेली. सरकारी सैन्यही निर्दोष नव्हते. तरी मध्य भागातल्या काही जिल्ह्यांत, जेथे सामुदायिक गावांची सक्ती जाचक झाली होती, तेथे गावप्रमुखांनी रेनामोला साथ दिली हेही खरे आहे. युद्ध बाहेरून लादलेले होते की आतून उगवलेले, या वादात अभ्यासकांची दोन टोके आहेत. प्रत्यक्षात ते बाहेरून पेटवलेले आणि आतल्या सुक्या गवतावर पसरलेले युद्ध होते.

माशेल यांनी मार्च १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती करार केला. एकमेकांच्या शत्रूंना थारा द्यायचा नाही असे त्यात ठरले. मोझांबिकने तो बव्हंशी पाळला, दक्षिण आफ्रिकेने पाळला नाही. माशेल यांचे विमान १९ ऑक्टोबर १९८६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे डोंगरावर आदळले आणि ते मारले गेले. ते विमान मार्ग सोडून तिकडे का वळले, याचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच विमानात आक्विनो द ब्रागांसा होते. गोव्यात जन्मलेले हे पत्रकार-अभ्यासक आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिलढ्यांचे विश्वासू सल्लागार होते आणि राजधानी मापुतोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अध्ययन केंद्र त्यांनी उभे केले होते.

नवे अध्यक्ष जोआकिम शिसानो यांचा स्वभाव तडजोडीचा होता. सोव्हिएत मदत आटत चालली होती. फ्रेलिमोने १९८९ मध्ये मार्क्स-लेनिनवाद सोडला आणि १९९० च्या राज्यघटनेने अनेक पक्षांना परवानगी दिली. रेनामोच्या मागचा आधारही खचत होता, कारण दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीचा शेवट जवळ आला होता. दोन्ही फौजांना विजय अशक्य दिसू लागला होता. त्यातच १९९१-९२ चा भीषण दुष्काळ पडला. गावांत लुटायलाही धान्य उरले नाही.

वाटाघाटी झाल्या त्या रोममध्ये, सांत एजिदियो या कॅथलिक सामान्यजनांच्या संघटनेच्या वास्तूत. ही संघटना १९६८ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांनी सुरू केली होती. तिच्याकडे ना सैन्य होते ना तिजोरी. मध्यस्थ चार होते : संघटनेचे आंद्रेआ रिक्कार्दी आणि मात्तेओ झुप्पी, इटलीचे राजकारणी मारियो राफाएल्ली, आणि बेइराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस. गोन्साल्विस यांनी १९८८ मध्येच जंगलातल्या तळावर जाऊन ध्लाकामाची भेट घेतली होती, आणि दोघांची मातृभाषा एकच होती. जुलै १९९० मध्ये सुरू झालेल्या बैठका सव्वादोन वर्षे चालल्या. कोणी कोणाला काय म्हणायचे, सरकारला सरकार म्हणायचे की नाही, येथपासून भांडण होते. संयम हेच मध्यस्थांचे मुख्य साधन होते. अखेर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शिसानो आणि ध्लाकामा यांनी तहावर सह्या केल्या. दहा दिवसांत संसदेने दोन्ही बाजूंना सरसकट माफी देणारा कायदा केला. कोणावरही खटला चालला नाही, सत्यशोधन आयोगही नेमला गेला नाही.

अंमलबजावणीसाठी आल्दो आजेल्लो यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांची मोहीम आली. तिच्यात भारतीय लष्कराची तुकडीही होती. अंगोलात सप्टेंबर १९९२ मध्ये सैन्ये मोडण्यापूर्वी निवडणूक घेतली गेली आणि हरलेला पक्ष पुन्हा युद्धावर गेला होता. आजेल्लोंनी त्यातून एक गोष्ट धरून ठेवली : आधी शस्त्रे खाली, मग मतदान. त्यासाठी तहात ठरलेली निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली गेली. ४९ छावण्यांत सैनिक गोळा झाले. १९९४ च्या मध्याला या छावण्यांत बंडे झाली, आणि त्यांचे कारण युद्ध पुन्हा सुरू करणे हे नव्हते. सैनिकांना लवकर घरी जायचे होते. नव्या संयुक्त सैन्यासाठी तीस हजारांची योजना होती, प्रत्यक्षात बारा हजारांच्या आसपासच तयार झाले. बाकीच्या सुमारे ऐंशी हजार सैनिकांना दोन वर्षांचा पगार हप्त्याहप्त्याने, त्यांनी निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेतून मिळेल अशी सोय केली गेली. रक्कम लहान होती. पण माणूस शहरात न भटकता गावी थांबावा आणि त्याच्या हातून गावात चार पैसे फिरावेत, हा तिचा हेतू साधला. रेनामोला पक्ष म्हणून उभे राहता यावे म्हणून मुख्यतः इटलीच्या पैशांतून वेगळा निधी दिला गेला. शांतता पैशाने विकत घेतली अशी त्यावर टीका झाली, तरी युद्धाच्या एका महिन्याच्या खर्चाशी तुलना केली तर हा सौदा उत्तम होता. ऑक्टोबर १९९४ च्या मतदानाला सुमारे ८८ टक्के मतदार आले. शिसानोंना ५३ टक्के आणि ध्लाकामाला ३४ टक्के मते पडली. संसदेच्या २५० जागांपैकी फ्रेलिमोने १२९ आणि रेनामोने ११२ जिंकल्या.

खेड्यांची उभारणी मात्र कोणाच्याही योजनेची वाट पाहत थांबली नाही. सतरा लाख निर्वासितांपैकी बहुतेक स्वतःच्या पायांनी परतले. एकट्या मालावीतून दहा लाखांच्या आसपास लोक आले. तण माजलेली शेते साफ झाली, मका, कसावा आणि ज्वारी पेरली गेली. युद्धोत्तर वाढीचा पहिला आणि सर्वांत रुंद टप्पा हाच आहे, आणि त्याचे श्रेय कोणत्याही अर्थमंत्र्याला देता येत नाही. पळवून नेलेली मुले परत आली तेव्हा दक्षिणेतल्या गावांत वैदूंनी त्यांच्यासाठी शुद्धीकरणाचे विधी केले. मुलाचे युद्धातले कपडे गवताच्या लहानशा झोपडीत ठेवून ती पेटवायची, वनौषधींच्या पाण्याने त्याला न्हाऊ घालायचे, आणि मागचे काही विचारायचे नाही. फ्रेलिमोने ज्या रूढींना अंधश्रद्धा म्हणून दडपले होते, त्यांनीच सरकारकडे साधन नव्हते ते काम केले. गोरोंगोझाच्या परिसरात मारल्या गेलेल्या सैनिकांचे आत्मे जिवंतांच्या अंगात येऊन आपल्या मारेकऱ्याचे नाव सांगतात अशी समजूत रुजली. गप्प राहिलेल्या हत्यांचा हिशेब गावाने तेथे मांडला. शेतांतल्या सुरुंगांमुळे पुढे अनेक वर्षे माणसे पाय गमावत राहिली. माणसांनी, यंत्रांनी आणि स्फोटकांचा वास ओळखायला शिकवलेल्या मोठ्या आफ्रिकी उंदरांनी जमिनी साफ केल्या, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला.

शासनाची अर्थनीती युद्ध चालू असतानाच बदलली होती. मोझांबिक १९८४ मध्ये जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा सदस्य झाला, आणि १९८७ च्या पुनर्रचना कार्यक्रमात मेटिकाल या चलनाचे मोठे अवमूल्यन झाले, अनुदाने कापली गेली, सरकारी कारखाने विकले गेले. महागाईचा दर १९९४ मध्ये साठ टक्क्यांच्या वर होता, तो १९९७ पर्यंत एक आकडी झाला. त्यानंतर दशकभर वाढीचा वार्षिक दर सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास राहिला. काहोरा बासा धरणावरून दक्षिण आफ्रिकेला वीज नेणारी १,४०० किलोमीटरची वाहिनी युद्धात जागोजागी पाडली गेली होती, ती पुन्हा उभी राहिली. धरणाची बहुतांश मालकी २००७ मध्ये पोर्तुगालकडून मोझांबिककडे आली. मापुतोजवळ २००० साली मोझाल हा ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना सुरू झाला. निर्यातीचे आकडे त्याने एकदम वर नेले, पण कच्चा माल बाहेरून येई, नफा बाहेर जाई, करसवलती मोठ्या होत्या आणि कायम नोकऱ्या हजाराच्या आसपास. जुनी कर्जे मोठ्या प्रमाणात माफ झाली, तरी सरकारी खर्चाचा निम्म्याच्या जवळपास भाग परदेशी मदतीतून येत होता.

काजूची कथा या काळातली सर्वांत बोलकी आहे. ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणले तसेच मोझांबिकमध्येही नेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात सर्वाधिक, म्हणजे वर्षाला दोन लाख टनांहून अधिक काजू पिकवत होता. झाडे लहान शेतकऱ्यांची होती आणि बी फोडण्याचे कारखाने देशातच होते. युद्धात बागा म्हाताऱ्या झाल्या, वाहतूक थांबली, उत्पादन कोसळले. तहानंतर सरकारने कारखाने खासगी मालकांना विकले, आणि लगेच १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जासाठी अट घातली की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवावा. स्पर्धा वाढली की शेतकऱ्याला भाव चांगला मिळेल, असे तिचे गणित होते. कच्ची बी जहाजांतून भारतात, मुख्यतः केरळात जाऊ लागली. तेथे घराघरांत आणि लहान कारखान्यांत कमी मजुरीवर, टरफलातल्या तेलाने हात भाजून घेत बायका ती फोडत. मोझांबिकच्या यंत्रांवरच्या कारखान्यांना त्या दराशी टक्कर देणे शक्य नव्हते. २००१ पर्यंत जवळपास सर्व मोठे कारखाने बंद पडले आणि सुमारे साडेआठ हजार कामगार बेकार झाले, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शेतकऱ्याला वाढीव भावातून मिळालेला लाभ वर्षाला काही डॉलरच होता, कारण मधला बराचसा पैसा व्यापाऱ्यांकडे राहिला. पुढे सरकारने कच्च्या बीवर पुन्हा १८ ते २२ टक्के निर्यातकर लावला, आणि नाम्पुला प्रांतात भारतीय पद्धतीचे, हाताने बी फोडणारे लहान कारखाने उभे राहिले. जुने उत्पादन गाठायला त्यानंतरही फार काळ लागणार होता.

१९९७ च्या जमीन कायद्याकडे जगाचे लक्ष फारसे गेले नाही, पण तो या काळातला चांगला निर्णय होता. जमीन राज्याचीच राहिली, मात्र परंपरेने कसणाऱ्या कुटुंबांचा आणि गावांचा हक्क कागदाशिवायही मान्य झाला. त्याची अंमलबजावणी नंतर अनेक ठिकाणी ढिली पडली.

राजकारणात जिंकणाऱ्याला सर्व काही मिळत होते. १९९९ च्या निवडणुकीत शिसानोंना ५२ आणि ध्लाकामाला जवळपास ४८ टक्के मते मिळाली. मतमोजणीवर वाद झाला. रेनामोला बहुमत मिळालेल्या प्रांतांतही राज्यपाल नेमले गेले ते फ्रेलिमोचेच. नोव्हेंबर २००० मध्ये रेनामोच्या निदर्शनांनंतर मोंतेप्वेझच्या पोलीस कोठडीत कोंबलेले ऐंशीहून अधिक कैदी गुदमरून मेले. त्याच महिन्यात कार्लोस कार्दोसो या निर्भीड पत्रकाराची मापुतोच्या रस्त्यावर हत्या झाली. खासगीकरण झालेल्या एका बँकेतील १.४ कोटी डॉलरच्या अपहाराचा ते शोध घेत होते, आणि काजू कामगारांची बाजूही त्यांनी लावून धरली होती. अधिकृत मोजणीनुसार दारिद्र्यातल्या लोकांचे प्रमाण १९९६-९७ मध्ये ६९ टक्के होते, ते २००२-०३ मध्ये ५४ टक्क्यांवर आले. पण २००८-०९ च्या मोजणीत ते जवळपास तेथेच होते, आणि त्याच काळात अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती. सप्टेंबर २०१० मध्ये पावाचे भाव वाढले तेव्हा मापुतोत दंगली उसळल्या आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली.

शिसानो २००५ मध्ये स्वखुशीने पायउतार झाले. त्यांच्यानंतरच्या आर्मांदो गेबुझा यांच्या कारकिर्दीत तेते प्रांतातला कोळसा आणि उत्तरेला रोवुमा खोऱ्यातला नैसर्गिक वायू यांनी सर्वांच्या अपेक्षा वाढवल्या. वायूच्या एका मोठ्या क्षेत्रात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. तुरीसाठीही भारताने २०१६ मध्ये करार केला आणि मोझांबिकची तूर मुंबईच्या बंदरांत नियमित उतरू लागली; पुढच्याच वर्षी भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा आणताच उत्तर मोझांबिकच्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. वायूचा पैसा येण्यापूर्वीच त्यावर कर्ज काढले गेले. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावाने, मासेमारीची जहाजे आणि सागरी सुरक्षा यांच्यासाठी म्हणून, सुमारे दोन अब्ज डॉलर उभारले गेले आणि मोठा भाग संसदेपासून लपवला गेला. २०१६ मध्ये हे उघडकीस आले. देणगीदारांनी अर्थसंकल्पाची मदत थांबवली, मेटिकाल घसरला, वाढीचा दर खाली आला. माजी अर्थमंत्री मानुएल शांग २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले.

रोमच्या तहातले अपुरे राहिलेले काम दरम्यान पुन्हा समोर आले होते. ध्लाकामाने शस्त्रधारी रक्षक कधीच पूर्णपणे मोडले नव्हते, आणि २०१२ मध्ये तो गोरोंगोझाच्या डोंगरात परतला. मध्य भागात चकमकी, महामार्गावर हल्ले आणि पुन्हा तह, असे चालत राहिले. तो मे २०१८ मध्ये आजाराने वारला. नवा करार ६ ऑगस्ट २०१९ रोजी झाला आणि सुमारे पाच हजार लढवय्यांनी शस्त्रे ठेवली. त्यांतल्या अनेकांनी पन्नाशी ओलांडली होती. रेनामोचा शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. तोवर अगदी उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात वेगळेच युद्ध पेटले होते. ऑक्टोबर २०१७ पासून तेथे इस्लामी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि वायू प्रकल्पाचे काम थांबले. दहा लाखांच्या आसपास लोक पुन्हा एकदा विस्थापित झाले. हे युद्ध ज्या जिल्ह्यांत पसरले, तेथेच मुएदाच्या पठारावर फ्रेलिमोचा लढा वाढला होता, आणि रेल्वे, कारखाने किंवा मदतीचा पैसा तेथे सर्वांत कमी पोहोचला होता.

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत फ्रेलिमोचे दानिएल शापो विजयी घोषित झाले. प्रतिस्पर्धी व्हेनान्सियो मोंडलाने यांनी निकाल अमान्य केला आणि शहरांतला तरुण वर्ग रस्त्यावर आला. या आंदोलनात तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. निदर्शकांपैकी बहुतेक तहानंतर जन्मलेले होते. रेनामो या निवडणुकीत तिसऱ्या स्थानावर गेली, आणि १९९४ पासून दोन पक्षांत विभागलेले मोझांबिकचे राजकारण तेथे बदलले. शापो यांनी १५ जानेवारी २०२५ रोजी पदाची शपथ घेतली.